दिवाळीच्या हातच्या भेटी: कंदील, उटणं, मेणपणत्या आणि वाळवणीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीला तीन आठवडे आहेत, दहा घरी काहीतरी हातचं द्यायचं आहे, स्वतःच्या दारात बांबूचा पारंपरिक आकाशकंदील लावायचा आहे, मदतीला घरातली दोन मुलं आहेत आणि खास हत्यारं काहीच नाहीत. काय करता येईल, सामान किती लागेल आणि कुठे फसतं?

तीन आठवड्यांत तीनच गोष्टी धरा: एक मोठा कंदील, दहा पुड्या उटणं आणि चाळीस मेणपणत्या. साबण, जेलच्या मेणबत्त्या, रेझिनचे ट्रे असलं यंदा नको. त्यांचं सामान महाग आणि पहिली खेप बहुतेकदा वाया जाते. वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी घरच्या भांड्यांत होतात आणि तिन्ही बिघडतात त्या एकाच कारणाने: ओल राहिली म्हणून. ओल्या पणतीवर रंग फुगतो, ओलसर डाळीच्या पिठाच्या उटण्याला आठवड्यात जाळी धरते, खळ (मैद्याची चिकी) वाळण्याआधी उचललेला कंदील वाकडा वाळतो आणि तसाच राहतो. म्हणून कामाचा क्रम कौशल्यावर ठरवू नका, वाळायला काय किती वेळ घेतं त्यावर ठरवा.

तारखा मागून मोजा. कंदील वसुबारसेच्या संध्याकाळी दारात हवा. पणत्या धनत्रयोदशीच्या आधी पोचायला हव्यात. उटणं नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला लागायचं, म्हणजे किमान दोन दिवस आधी लोकांच्या घरात पाहिजे. लक्ष्मीपूजनाला नेऊन दिलेलं उटणं ही पुढच्या वर्षीची भेट. पहिला आठवडा खरेदी आणि वाळवणीचा: पणत्या, मसूर डाळ, संत्र्याच्या साली, गुलाबाच्या पाकळ्या, सगळं उन्हात. दुसऱ्या आठवड्यात कंदिलाचा सांगाडा आणि उटण्याचं दळण. तिसऱ्यात कागद, मेण आणि बांधाबांध. दिवाळी लवकर आली असेल तर कोकणात आणि मुंबईत परतीचा पाऊस हाताशी असतोच, तेव्हा वाळवणीला दोन दिवस जास्तीचे धरा आणि ढग असतील तर सरळ पंख्याखाली वाळवा. वेळ दुप्पट लागतो, पण होतं.

कंदील

सगळ्यात सोपा आणि हिशेबाला चोख असा पारंपरिक सांगाडा म्हणजे सहा चौकोनांचा. सहा सारखे चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून बांधले की मधल्या जागी आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. कामट्या (बांबूच्या पातळ पट्ट्या) 24, गाठी मारायच्या जागा 12. वर एक चौकोन, खाली एक, आणि मध्ये चार चौकोन शंकरपाळ्यासारखे टोकावर उभे.

माप 22 सें.मी. धरा. याला कारण कागद आहे. पतंगाच्या कागदाचा ताव साधारण 50 बाय 75 सें.मी. असतो. 22 च्या चौकोनाला चारही बाजूंनी 1 सें.मी. जास्तीचा कागद धरला की तुकडा 24 बाय 24 होतो आणि एका तावात असे सहा बसतात. लागतात चार, कारण वरचा आणि खालचा चौकोन उघडे राहतात, म्हणजे दोन फाटले तरी चालतात. त्रिकोणाचा तुकडा जास्तीचा कागद धरून साधारण 25.5 सें.मी. बाजूचा होतो, ताव 25 बाय 75 सें.मी.च्या दोन पट्ट्यांत विभागून एक त्रिकोण सुलटा, एक उलटा असे कापले की एका पट्टीत चार, दोन पट्ट्यांत बरोबर आठ. इथे मात्र जास्तीचं काही नाही, तेव्हा त्या रंगाचा एक ताव जादा आणा. बाजू 25 सें.मी. केली की तावाच्या रुंदीत एकच चौकोन मावतो आणि निम्मा कागद फुकट जातो. कंदील तयार झाल्यावर उंची सुमारे 31 सें.मी. आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रुंदी 44 सें.मी. भरते. फ्लॅटच्या गॅलरीला हे पुष्कळ झालं.

कामट्या बुरुडाकडून तासून आणल्या तर अर्धं काम वाचतं. पुण्यात बुरूड आळी आहे, इतरत्र टोपल्या-सुपं विणणारा कोणीही देईल. रुंदी 5-6 मि.मी., जाडी 2-3 मि.मी. सांगा आणि एकूण सात मीटर घ्या. बांबूची हिरवी पाठ चिवट असते, आतला पांढरा भाग ठिसूळ; नुसत्या आतल्या भागाच्या कामट्या गाठ आवळताच पिचतात. कामटी हातात वाकवून पाहा, कटकन आवाज आला तर ती बाजूला टाका. कडांवरून जाडा पॉलिश पेपर फिरवा, नाहीतर मुलांच्या बोटांत कूस जाणार हे ठरलेलं.

प्रत्येक कामटी 23 सें.मी. कापा आणि दोन्ही टोकांपासून अर्ध्या सें.मी.वर पेन्सिलीने खूण करा. बांधताना खुणेवर खूण ठेवायची, म्हणजे बाजू नेमकी 22 भरते. चौकोनात प्रत्येक कामटीचं एक टोक शेजारणीच्या वर आणि दुसरं खाली घ्या, तर चौकोन सपाट बसतो. दोन समोरासमोरच्या कामट्या वर आणि दोन खाली ठेवल्या तर तो पाटासारखा दोन थरांचा होतो आणि पुढे कागद चिकटत नाही. गाठीसाठी जाड सुती दोरा घ्या. नायलॉनचा दोरा घसरतो. कोपऱ्यावर फुलीच्या आकारात तीन वेढे एका बाजूने, तीन दुसऱ्या बाजूने, मग दोन कामट्यांच्या मधून दोन वेढे आवळून गाठ. गाठीवर फेव्हिकॉलचा एक थेंब. चौकोन झाला की दोन्ही कर्ण मोजा: प्रत्येकी 31.1 सें.मी. हवेत. कर्णांत अर्ध्या सें.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर फेव्हिकॉल ओला आहे तोवर दाबून सरळ करा. असे सहा चौकोन रात्रभर सपाट फरशीवर, वर एखादं जड पुस्तक ठेवून वाळू द्या.

मग जोडणी. एक चौकोन टेबलावर ठेवा. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार चौकोन टोकावर उभे करून एकेक गाठ सैल मारा. शेजारच्या चौकोनांचे आडवे कोपरे एकमेकांना बांधा. वरच्या चार टोकांवर सहावा चौकोन ठेवून त्याचे कोपरे बांधा. बाराच्या बारा गाठी सैल असतानाच आकार नीट करून घ्या, मग एकेक आवळा. पहिलीच गाठ करकचून बांधली की शेवटचा कोपरा दोन बोटं कमी पडतो, आणि लोक कामटीला दोष देतात.

बांधून झालेला सांगाडा हातात पिळवटतो. घाबरू नका, तो तसाच असतो. त्रिकोणाचा आकार हलू शकत नाही, चौकोन मात्र तिरपा होऊ शकतो, आणि इथे सहा चौकोन आहेत. बाजूच्या चार चौकोनांना वाळलेला कागद ताणून धरतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडे राहणार, तेव्हा त्यांना कर्णावर 33 सें.मी.च्या कामट्या बांधा: वर दोन, फुलीच्या आकारात, खाली एक. वरच्या फुलीलाच पुढे बल्बचा होल्डर येतो. या तीन कामट्या आळसाने वगळल्या की पहिल्या वाऱ्यात कंदील गिरकी घेतो आणि कागद कोपऱ्यातून फाटतो.

षट्कोनी किंवा अष्टकोनी कंदील करायचा मोह झाला तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. मधले उभे चौकोन सहा किंवा आठ केले की वरच्या आणि खालच्या कड्याच्या कामट्या चौकोनाच्या बाजूइतक्या पुरत नाहीत. 22 च्या चौकोनांना षट्कोनात 27 सें.मी. आणि अष्टकोनात 28.7 सें.मी.ची बाजू लागते, आणि गाठीसाठी त्यावर 1 सें.मी. सगळ्या कामट्या एकाच मापाच्या कापून अष्टकोनी कंदील बांधला की चौकोन पोटात दुमडतात आणि कागदावर मधोमध घडी पडते. बाजारातल्या कंदिलाचं वरचं कडं मोठं असतं ते याच कारणाने.

आता खळ. सपाट तीन टेबलस्पून मैदा, एक कप पाणी, चिमूटभर तुरटीची पूड. मैदा आधी पाव कप गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, उरलेलं पाणी उकळून त्यात हा घोळ ओता आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढुरका रंग जाऊन चकाकी आली आणि चमच्यावरून जाड धार पडायला लागली की उतरवा. कच्ची राहिलेली खळ वाळल्यावर पूड होऊन सुटते. पूर्वी खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालत, कारण त्याने बुरशी आणि झुरळं दोन्ही दूर राहतात. पण मोरचूद विषारी आहे आणि मुलं हाताने खळ लावणार आहेत, तेव्हा तो नकोच. तुरटीची खळ फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते. आंबूस वास आला की फेकून द्या.

कागद लावताना खळ कामटीला लावा, कागदाला नाही. पतंगाचा कागद ओला झाला की पसरतो आणि वाळताना आवळतो. ओला असताना ताणून बसवलात तर वाळता वाळता तो मधूनच तडकतो. नुसता सुरकुती नसेल इतपत अंथरा, बाकीचं काम वाळणं करून देतं. आधी चारही चौकोन, जास्तीची कड कामटीवरून आत दुमडून. ते पूर्ण वाळू द्या, तीन-चार तास, सांगाडा वरच्या कामटीला धरून टांगलेल्या अवस्थेत. टांगताना तो सरळ आहे का हे लांबून बघा. ज्या आकारात कागद वाळेल तो कंदिलाचा कायमचा आकार. मग आठ त्रिकोण. वाळल्यावरही एखाद्या ठिकाणी ढिला राहिला तर फवाऱ्याने हातभर अंतरावरून हलकेच पाणी उडवा, तासाभरात तो ताठ होतो. लाल आणि जांभळ्या कागदाचा रंग फुटतो, तेव्हा आधी कपट्यावर करून बघा.

जिलेटीनच्या कागदाला ही खळ धरत नाही, कारण तो पाणी पीत नाही. त्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा. ग्लू गनचा गोंद बाहेरच्या कंदिलाला वापरूच नका, दुपारच्या उन्हात तो मऊ पडतो आणि संध्याकाळी कंदिलाच्या झिरमिळ्या अंगणात सापडतात.

रंगांबद्दल: पिवळा, केशरी, गुलाबी, पोपटी हे दिव्याने खुलतात. गडद निळा आणि जांभळा दिवसा सुंदर दिसतात, पण पिवळसर उजेडाच्या बल्बमागे रात्री काळपट होतात. निळा हवाच असेल तर फक्त त्रिकोणांना, आणि आतला बल्ब पांढऱ्या उजेडाचा. कामट्यांच्या कडा झाकायला 2 सें.मी. रुंदीची सोनेरी पट्टी लावा. मधल्या चार कोपऱ्यांवर करंज्या लावायच्या असतील तर मार्बल पेपरचे 10 सें.मी. व्यासाचे गोल कापा, घडीवर नख न फिरवता अर्धे दुमडा आणि फक्त कडेला अर्धा सें.मी. गोंद लावून मिटवा. घडी चापून घातली की करंजी फुगत नाही, पापडी होते.

झिरमिळ्यांना तिसरा ताव: 75 सें.मी. लांबीच्या अडीच सें.मी. रुंद पट्ट्या वीस निघतात, खालच्या चार कोपऱ्यांना पाच-पाच. वर एकत्र गुंडाळून दोऱ्याने बांधा आणि मग कोपऱ्याला. नुसत्या चिकटवलेल्या झिरमिळ्या वाऱ्याने आधी निसटतात.

बल्ब 5 ते 7 वॉटचा एलईडी. जुना पिवळा फिलामेंटचा बल्ब घरात पडून असेल तरी लावू नका, तो तापतो आणि पतंगाचा कागद पटकन पेटतो. बल्ब चारही बाजूंच्या कागदांपासून किमान 10 सें.मी. लांब, मधोमध यायला हवा. कंदिलाचा भार वायरवर कधीही नको: वरच्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना सुतळी बांधून वर एकत्र आणा आणि त्या सुतळीने टांगा, वायर शेजारून सैल येऊ द्या. दोनच कोपऱ्यांना बांधलं तर कंदील तिरका लोंबतो. उघड्या गॅलरीत वायरला मध्ये जोड नको, आणि पाऊस आला तर कागदापेक्षा आधी बटण बंद करायचं लक्षात ठेवा.

भारताबाहेर कामट्या मिळत नाहीत अशी मराठी मंडळींची तक्रार असते. तिथे बार्बेक्यूच्या 30 सें.मी.च्या बांबूच्या काड्या मिळतात. आठ काड्यांचे प्रत्येकी तीन तुकडे केले की साधारण 9 सें.मी. बाजूच्या छोट्या कंदिलाच्या चोवीस काड्या होतात. पतंगाच्या कागदाऐवजी भेटवस्तूंत घालतात तो टिश्यू पेपर, त्याला पातळ खळ. टेबलावर ठेवायला किंवा भेट द्यायला हा छोटा कंदील छान दिसतो, पण त्याच्या आत फक्त बॅटरीचा दिवा. पणती किंवा मेणबत्ती अजिबात नाही, मग ती कितीही लहान असो.

उटणं

दहा पुड्या, प्रत्येकी 50 ग्रॅम. माणशी दोन चमचे धरले तर चार-पाच जणांच्या घराला एका अभ्यंगस्नानाला एवढं पुरतं. अर्ध्या किलोचं प्रमाण: मसूर डाळीचं पीठ 200 ग्रॅम, मुलतानी माती 100, नागरमोथा 50, कपूरकाचरी 40, वाळा 30, आंबेहळद 25, गुलाबपाकळी 25, संत्र्याची साल 20, चंदन 10. चाळणीत वाया जातं, विशेषतः वाळा आणि नागरमोथा, तेव्हा या दोन्ही दीडपट आणा. सगळं काष्ठौषधीच्या दुकानात एका जागी मिळतं.

चंदनावर जास्त पैसे घालू नका. फार स्वस्त चंदन पावडर म्हणून जे मिळतं त्यात चंदन कितपत असतं हा प्रश्नच असतो, आणि उटण्याचा ओळखीचा वास मुळात कपूरकाचरी, वाळा आणि नागरमोथ्याचा आहे. चंदन वगळून तेवढीच कपूरकाचरी वाढवली तरी वासात फारसं उणं पडत नाही. आंबेहळदीच्या जागी स्वयंपाकाची हळद मात्र नको. पंचावर आणि बाथरूमच्या फरशीवर पिवळे डाग पडतात आणि पाहुणे भेटीची आठवण भलत्याच कारणाने काढतात. काही जुन्या याद्यांत बावची (एका औषधी वनस्पतीचं बी) असते. ती लावून उन्हात गेलं की काहींच्या त्वचेवर चट्टे उठतात. कोणाची त्वचा कशी हे माहीत नसताना भेटीच्या उटण्यात ती घालू नये.

डाळ धुतली असेल तर दोन कडक उन्हं लागतात. न धुता स्वच्छ ओलसर फडक्याने पुसली तर एक पुरतं. वाळली की नाही हे दाताखाली कळतं: कटकन फुटली पाहिजे. संत्र्याच्या साली आतला पांढरा पापुद्रा खरवडून चार-पाच दिवस वाळवा, हाताने मोडताना तुकडा पडला पाहिजे, वाकता कामा नये. गुलाबपाकळी बाजारची वाळकी आणली तरी एक ऊन दाखवाच. मुलतानी माती हवेतली ओल ओढून घेते, म्हणून तीही.

दळताना सगळं एकत्र टाकू नका. प्रत्येक जिन्नसाला वेगळा वेळ लागतो. वाळा कात्रीने अगदी बारीक कापून घ्या, लांब तंतू पात्याला गुंडाळतात आणि मोटर जळल्याचा वास येतो. नागरमोथ्याच्या गाठी खलबत्त्यात आधी ठेचा. मिक्सर एका वेळी वीस-पंचवीस सेकंदच चालवा आणि मध्ये थांबा. भांडं तापलं की वास तिथेच उडून जातो आणि मग उटण्याला नुसता डाळीच्या पिठाचा वास उरतो.

आणि भांडं. ज्यात लाल तिखट किंवा गोडा मसाला दळता त्या भांड्यात उटणं दळायचं नाही. धुतल्यावरही झाकणाच्या रबरात आणि पात्याखाली तिखट राहतं, आणि तेल लावलेल्या अंगावर, पहाटे, ते चांगलंच जाणवतं. वेगळं भांडं नसेल तर रबर काढून धुवा, भांडं कोरडं करा, दोन मुठी कच्चे तांदूळ दळून फेकून द्या, आणि हे दोनदा करा.

दळलेलं सगळं वस्त्रगाळ करा. मैद्याची चाळणी पुरत नाही, कारण वाळ्याचे आणि नागरमोथ्याचे तंतू तिच्यातून उभे निसटतात आणि अंगाला टोचतात. जुनी स्वच्छ मलमलची ओढणी पातेल्यावर ताणून बांधा आणि हाताने पूड घासत गाळा. वेळ लागतो. मुलांना हे काम आवडतं, फक्त नाकाला रुमाल बांधायला सांगा. सगळं गाळल्यावर एकत्र करून पुन्हा एकदा चाळा, मग पसरट परातीत तासभर पंख्याखाली ठेवा. दळताना आलेली ऊब गेल्याशिवाय भरू नका, गरम पूड पिशवीत घाम धरते.

आत बटर पेपरची किंवा झिपची छोटी पिशवी, बाहेर कापडाची पोटली. नुसत्या कापडी पोटलीत पूड आठवड्यात गुठळ्या धरते. सोबत चिठ्ठीवर जिन्नस आणि दळल्याची तारीख लिहा, आणि एवढंच: तेल लावल्यावर दूध किंवा पाण्यात ऐनवेळी कालवा, डोळ्यांपासून लांब ठेवा, आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा, तान्ह्या बाळाला नको, तीन महिन्यांत संपवा.

मेणपणत्या

पणती तेलाची करणार की मेणाची हे आधी ठरवा, कारण सुरुवात उलटी आहे. तेलासाठीची पणती चार तास पाण्यात बुडवून मग वाळवतात, म्हणजे ती तेल कमी पिते. मेणासाठीची पणती पाण्यात घालायचीच नाही. फडक्याने धूळ झटका आणि दोन दिवस उन्हात ठेवा. मातीच्या छिद्रांत पाणी राहिलं तर गरम मेण ओतताच बुडबुडे येतात, पृष्ठभागावर खड्डे पडतात, आणि पुढे पेटवल्यावर ज्योत तडतडते.

रंगाचा विचार करताना बाहेरची बाजूच रंगवा. गेरूचा हात आणि त्यावर पांढऱ्या रंगाच्या रेघा-ठिपके यापुढे बाजारातले आरसे आणि मणी फिके आहेत, हे माझं मत. चार चमचे गेरूला एक चमचा फेव्हिकॉल आणि दुधाइतकं पातळ होईल एवढं पाणी. फेव्हिकॉल न घालता लावला तर देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या दोघांच्या हाताला लागतो. एक हात, चार तास, दुसरा हात, रात्रभर. ज्योतीच्या टोकाजवळची कड दोन बोटं कोरी सोडा. तिथे रंग, लेस, चमकी काही नको, कारण ते काळं पडतं किंवा पेट घेतं. वॉर्निशही नको.

मेण किती हे एका पणतीवर मोजा: तिच्यात पाणी भरून ते मापात ओता, जितके मिलिलिटर त्याच्या नऊ-दशांश ग्रॅम मेण. मधल्या आकाराच्या पणतीत 28 मि.लि.च्या आसपास पाणी राहतं, म्हणजे 25 ग्रॅम मेण. चाळीस पणत्यांना 1 किलो, आणि सांडलवंड धरून 1 किलो 100 ग्रॅम आणा. मोजणीची पणती भिजली, ती तेलाची समजून बाजूला ठेवा.

मेण थेट गॅसवर कधीही वितळवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं, मंद आच. साधं पॅराफिन मेण 58-60 अंशांना वितळतं, ओतायला 70-75 अंश पुरे. थर्मामीटर नसेल तर पूर्ण वितळून पाण्यासारखं स्वच्छ दिसल्यावर उतरवा आणि भांड्याच्या कडेला पांढुरकी रेघ धरायला लागली की ओता. मोठं झाकण शेजारी हाताशी ठेवा. मेणाने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण घालायचं, पाणी ओतायचं नाही: पाण्याने पेटतं मेण चहूकडे उडतं. हा भाग मुलांना देऊ नका. त्यांना वाती आणि रंग द्या.

वात पत्र्याची चकती लावलेली, सुती, तयार मिळते. आधी वितळल्या मेणात बुडवून सरळ करून घ्या. सहा-सात सें.मी. व्यासाच्या पणतीला बारीक वात लावली तर ती स्वतःच्याच मेणात बुडून विझते, फार जाड लावली तर काजळी धरते आणि पणतीची कड काळी होते. म्हणून चाळीस भरण्याआधी दोन जाडीच्या वातींच्या दोन पणत्या भरा आणि दुसऱ्या दिवशी तासभर पेटवून बघा. मेणाचं तळं जिच्यात काठाच्या जवळपास पोचतं आणि धूर निघत नाही, ती वात घ्या. अशी पणती साधारण चार-पाच तास जळते.

ओतताना दोन खेपा करा. पहिल्या खेपेला तळ झाकेल इतकंच, म्हणजे छिद्रं बुजतात आणि चकती पक्की बसते. दहा मिनिटांनी काठाच्या अर्धा सें.मी. खालपर्यंत भरा. मेण गार होताना आकसतं, त्यामुळे वातीभोवती खळगा पडतो. तो चुकीने पडलेला नसतो, सगळ्यांनाच पडतो. उरलेलं मेण पुन्हा पातळ करून त्यावर चमचाभर ओता. घाईने पणत्या फ्रीजमध्ये ठेवल्या तर वरचा थर तडकतो. वात बोटाच्या अर्ध्या पेराएवढी ठेवून कापा.

रंग हवा असेल तर मेणाचाच, तेलात विरघळणारा. मुलांचे खडू विरघळलेले दिसतात, पण त्यातली पूड वातीत अडकून ज्योत मरते. सुगंध घालायचाच असेल तर 100 ग्रॅमला 5 ग्रॅमपर्यंत, आणि तो तेलाचा हवा. स्वयंपाकाचे पाणी मिसळलेले इसेन्स तडतडतात. पण उदबत्ती, उटणं आणि फराळाच्या वासांत चौथा वास कशाला? बिनवासाचं मेण निम्म्या खर्चात होतं. उरलेलं मेण बेसिनमध्ये ओतू नका, नळी तुंबते. कागदी कपात ओतून पुढच्या वर्षासाठी ठेवा. पणतीची माती थोडं मेण झिरपू देते, तेव्हा देताना सांगा की ताटलीत किंवा फरशीच्या तुकड्यावर ठेवा, थेट पॉलिश केलेल्या लाकडावर नको.

बांधाबांध

उटण्याच्या पोटलीला खण छान दिसतो. 12 बाय 15 सें.मी.ची पोटली हवी असेल तर कापड 14 बाय 34 कापा, म्हणजे बाजूच्या शिवणीला 1-1 सें.मी. आणि वर नाडीच्या नेफ्याला दोन्हीकडे 2-2 सें.मी. मिळतात. खणाच्या कडा फार उसवतात. कापल्याबरोबर ओव्हरलॉक करा किंवा कड दुमडून शिवा, उद्यावर ठेवू नका.

पणत्या मिठाईच्या जुन्या खोक्यात चारच्या चार मावतात. खाली वर्तमानपत्राचा चुरा, मध्ये पुठ्ठ्याची फुली, म्हणजे कड कडेला आपटत नाही. मेण भरल्यावर पूर्ण एक दिवस जाऊ द्या मगच खोकं मिटवा, आणि दुपारच्या उन्हात बंद गाडीत ते ठेवू नका, मेण मऊ पडून तिरपं बसतं. छोटे कंदील एकात एक बसत नाहीत. ते देणार असाल तर प्रत्येकाला वेगळी मोठी पिशवी लागेल, हे आधीच गृहीत धरा.

फराळाबरोबर देणार असाल तर उटण्याची पोटली डब्यात घालू नका, डब्याच्या बाहेर बांधा. आत घातली तर संध्याकाळपर्यंत चकलीला कपूरकाचरीचा वास लागलेला असतो.